पोरांचे गप्पागट चालवायला मोठ्यांना तयार करताय? या चुका टाळा

गप्पागट म्हणजे पोरांनी गोलात बसून पाळीपाळीनं मनातलं बोलायचं आणि मोठ्यांनी ऐकायचं. पण कोल्हापुरात त्याचं प्रशिक्षण म्हटलं की आधी हॉल ठरतो, मग पाहुणे, मग फेटे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार यांत अकरा वाजतात. मग एक तज्ज्ञ पडद्यावर स्लाइड लावून 'किशोरवयीन मुलांचं ऐकून कसं घ्यावं' यावर दीड तास बोलतात. रांगेत बसलेली माणसं ऐकतात, जेवतात, प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. पुढच्या शनिवारी हीच माणसं तालमीच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयात आठवी ते अकरावीच्या पोरांना गोल बसवतात आणि दीड तास बोलतात. जे बघितलं तेच केलं, त्यांचा काय दोष?

त्यामुळं पहिली दुरुस्ती बैठकीची. पहिल्या मिनिटापासून सतरंजी गोलात, प्रशिक्षकही त्याच गोलात. पोरांना जे प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं आधी मोठ्यांनी द्यायची. 'पंधराव्या वर्षी घरी न सांगितलेली एक गोष्ट' असा प्रश्न फिरला की पन्नाशीतला माणूस चुळबुळतो, छताकडं बघतो आणि शेवटी 'पास' म्हणतो. उत्तम! न बोलण्याची मोकळीक असणं म्हणजे काय, हे त्याला आता कळलं. सत्कार करायचाच असेल तर तो वर्षभर गट चालवल्यावर करा.

छान बोलणारेच निवडायचे

निवडीत हटकून होणारी चूक ही. सूत्रसंचालन करणारे, व्याख्यानं देणारे, माइक दिसला की पुढं होणारे आधी घेतले जातात. त्यांना गप्प बसायला शिकवण्यात अर्धं प्रशिक्षण जातं. त्यापेक्षा पोरं आपणहून ज्यांच्याशी बोलायला थांबतात ती माणसं शोधा: फुटबॉलचा सराव घेणारा दादा, वाचनालयातल्या मॅडम, आशाताई, क्लासखालचा झेरॉक्सवाला. यांच्या नावापुढं पदवी नसेल, पण ऐकायची सवय असते.

शिक्षक चालतील का? चालतील, पण स्वतःच्या शाळेच्या गटात नकोत. जो मार्क देतो त्याच्यासमोर कुणी 'मला अभ्यास झेपत नाही' म्हणत नाही.

'तू कुणाचा रे?'

हा प्रश्न आपल्या तोंडात बसलेला आहे. मंगळवार पेठेत पोरगं दिसलं की आपण आधी वडील विचारतो, मग गल्ली, मग तालीम. बाहेर ही आपुलकी आहे. गोलात मात्र एखाद्या पोरीनं नाव सांगितल्यावर गट चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, 'अगं, तुझी आई माझ्याबरोबर बचत गटात आहे!' की ती मुलगी त्या दिवसापुरती संपली. आता ती जे बोलेल ते आईपर्यंत जाईल, असंच धरून चालणार.

प्रशिक्षणात याचा सराव करून घ्या: ओळखीचं पोर समोर आलं तर काय करायचं? ओळख जाहीर करायची नाही, गटाआधी बाजूला घेऊन 'मी आईला काही सांगत नाही, तरी तुला दुसरा गट हवा असेल तर सांग' एवढं म्हणायचं. शक्य असेल तर शिवाजी पेठेतल्या दादाला कसबा बावड्याचा गट द्या, बावड्याच्या ताईंना राजारामपुरीचा. शहर लहान आहे, ओळख निघायचीच, पण रोजची नको. फुटबॉल हंगामात आणखी एक पथ्य: गट चालवणाऱ्यानं आपल्या संघाचा टी-शर्ट घालून येऊ नये. हसू नका, शाहू स्टेडियमवरची ईर्षा सतरंजीपर्यंत येते.

सल्ल्याची घाई

दहावीतला मुलगा म्हणतो, 'पप्पा माझ्याशी बोलतच नाहीत.' गोलातला मोठा माणूस लगेच: 'अरे, त्यांच्या मनात प्रेम असतं, तू समजून घे.' वाक्य वाईट नाही, पण मुलाचं बोलणं तिथं मिटलं. शिवाय त्याला हे आधीच चार जणांनी ऐकवलेलं असतं.

हे 'सल्ला देऊ नका' असं सांगून सुटत नाही. हात बसावा लागतो. तिघातिघांचे गट करा. एक जण तीन मिनिटं स्वतःची खरी, पण हलकी अडचण सांगेल. दुसरा फक्त ऐकेल. तिसरा लिहून घेईल: ऐकणारा किती वेळा मध्ये बोलला, किती वेळा स्वतःची गोष्ट घुसवली, 'आमच्या वेळी' किती वेळा आलं. मग अदलाबदल. पहिल्या फेरीचे कागद वाचले की हशा पिकतो आणि तो हशा उपयोगाचा असतो. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायची मुभा द्या, पण 'काय' किंवा 'कसं' विचारणारेच. 'का गेलास तिथं?' हे पोराला उलटतपासणीसारखं लागतं. 'तिथं गेल्यावर काय झालं?' याला उत्तर येतं.

शांततेचाही सराव घ्या, घड्याळ लावून. दहा सेकंद कुणीच बोलायचं नाही. मोठ्यांना ते मिनिटभर वाटतात, कुणीतरी खोकतं, कुणीतरी 'बरं' म्हणतं. पोरांच्या गोलात प्रश्नानंतरची ही दहा सेकंदं भरून काढली, की नंतर जे येणार होतं ते येत नाही.

'इथलं इथंच राहील' असं सरसकट वचन

इथं चूक झाली तर ती महागात पडते, म्हणून सविस्तर. गुप्ततेचं पूर्ण वचन देता येत नाही आणि दिलं तर ते मोडावं लागतं. पहिल्याच बैठकीत पोरांना सांगायचं: 'इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुम्हाला इजा करत असेल, अत्याचार करत असेल, तर मला मदत आणावी लागेल. आणि ते मी तुम्हाला सांगून करीन.' हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या.

पोक्सो हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा कायदा. त्याच्या कलम 19 प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं, त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. 'घरचं प्रकरण आहे, मिटवू' हा पर्यायच नाही. संमतीचं वय अठरा असल्यामुळं सतरा वर्षांच्या मुलीनं आपल्या मर्जीनं ठेवलेले शरीरसंबंधही याच कायद्यात येतात. हे मोठ्यांना अवघड जातं, जाणारच. पण ते पोरांच्या गोलात पहिल्यांदा कळण्यापेक्षा प्रशिक्षणात कळलेलं बरं.

एखादं पोर गोलातच काही सांगायला लागलं तर? तिथं खोदून विचारू नका. 'सांगितलंस ते चांगलं केलंस, आपण संपल्यावर दोघं बोलू' म्हणा आणि फेरी पुढं न्या. दुसऱ्या सहकाऱ्यानं गट सांभाळायचा. (म्हणूनच प्रत्येक गोलात दोन मोठी माणसं हवीत, एकानं भागत नाही.) नंतर बोलायला दार बंद खोली नको, लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी जागा बघा. पोराचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवा, आपली भाषा घालू नका. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर 'मरायचा विचार येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्यामुळं विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही.

चाइल्ड हेल्पलाइन 1098 आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस 14416 हे दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये आधी साठवून घ्या. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात कुणाकडं, कुठल्या वेळी जायचं हे आयोजकांनी आधी जाऊन विचारून ठेवावं. प्रसंग आल्यावर फोन शोधत बसायचं नसतं.

बारीकसारीक, पण गट मोडणाऱ्या गोष्टी

आकडा: प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर दहा पोरांची एक फेरी वीस मिनिटांची. तासात सुरुवात, शेवट आणि दोन फेऱ्या बसतात. पंचवीस पोरं घेतलीत तर एक फेरीच पन्नास मिनिटं खाते, आणि शेवटची दहा पोरं तोवर मोबाइल काढतात.

बोलणाऱ्याच्या हातात द्यायची वस्तू: साधी हवी. बॉल दिला की टप्पे पडतात, लेझीम वाजतं, महाराजांची मूर्ती हातात आली की पोरं भाषण करतात. पंचगंगेच्या काठचा गोटा चालतो. वस्तू हातात नसताना मोठ्यांनीही बोलायचं नाही, हे त्यांनाच जास्त वेळा सांगावं लागतं.

प्रश्नाची खोली: 2019 च्या महापुरात सात-आठ वर्षांची असलेली पोरं आज तुमच्या गोलात आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेली की त्यांच्या घरात अजून आवराआवर सुरू होते. म्हणून काय पहिल्याच बैठकीत 'पुराच्या आठवणी सांगा' म्हणायचं नाही. आधी आवडती मिसळ, न आवडणारा विषय, रागावल्यावर काय करता, अशा पायऱ्या. पुराचं कुणी स्वतः काढलं तर ऐकायचं.

वेळ: गणपतीचे दिवस, परीक्षा आणि संध्याकाळचे क्लास बघून ठरवा. पोरं येत नाहीत म्हणून ती बेफिकीर आहेत असं ठरवण्याआधी त्यांचं वेळापत्रक मागा.

पोरं फिदीफिदी हसतात: विषय अंगाशी आला की हसू येतं. दटावू नका, 'या प्रश्नाला हसू येतंय, सोपा नाही तो' म्हणून पुढं चला. तिसऱ्या बैठकीलाही तेच चालू असेल तर मुलगे-मुलींचे गट काही आठवडे वेगळे करून बघा.

दोन दिवस शिकवलं आणि सोडून दिलं

नव्या माणसानं पहिले तीन गट अनुभवी माणसाबरोबर घ्यावेत. त्यानंतरही महिन्यातून एकदा सगळे गटचालक एकत्र बसायला हवेत, अजेंडा-अहवालाशिवाय, त्याच गोलात, तोच गोटा फिरवत. कुठं सल्ला सुटला, कुणाच्या बोलण्यानं रात्री झोप लागली नाही, हे पोरांची नावं न घेता बोलायचं. या बैठकीला सलग दोनदा न येणाऱ्याचा गट काही काळ दुसऱ्याकडं द्या. ती व्यक्ती रुसेल. रुसू द्या, गट पोरांचा आहे. आणि निधी मागताना या मासिक बैठकांचा चहा-प्रवासखर्च अर्जात वेगळा दाखवा, कारण पैसे कमी पडले की आयोजक पहिली कात्री इथंच लावतात.