रेडबड लावताय? मग या चुका टाळा

गुढीपाडव्याच्या सुमारास इकडे नॉर्थ कॅरोलिनात रॅले-कॅरीच्या बाजूला हायवेने जाताना जंगलाच्या काठाकाठाने जी बिनपानांची, जांभळट गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसतात ना, ते इस्टर्न रेडबड. दरवर्षी या दिवसांत आपल्या ग्रुपवर त्याचे फोटो पडतात आणि फोटोंच्या मागोमाग "आमचं वाळलं हो", "लावून इतकी वर्षं झाली, एक फूल नाही" असे मेसेजही येतात. इतरांच्या बॅकयार्डमधली बरीच रेडबड बघून माझं मत असं झालंय की हे झाड रोगाने कमी आणि आपण त्याचे जे लाड करतो त्याने जास्त मरतं. खोल खड्डा, भरपूर खत, रोज पाणी, बुंध्याला मल्चचा (मातीवर पसरायच्या लाकडाच्या चुऱ्याचा) ढीग, आणि वरून लॉनवाल्याचा स्प्रे. मोठ्या झाडांच्या आडोशाला, जंगलाच्या कडेला आपलं आपण वाढणारं झाड आहे ते, त्याला यातलं काहीच नको असतं.

आधी थोडी ओळख, कारण निम्म्या चुका ती नसल्यामुळेच होतात. शास्त्रीय नाव सर्सिस कॅनाडेन्सिस. पूर्व अमेरिकेत पेनसिल्व्हेनियापासून खाली उत्तर फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला टेक्सास-ओक्लाहोमापर्यंत हे मूळचं आहे, ओक्लाहोमाने तर १९३७ मध्ये ते राज्यवृक्ष केलं. उंची साधारण २० ते ३० फूट, पसारा तेवढाच किंवा थोडा जास्तच. आपला आपटा आणि कांचन याचे नातेवाईक, तिन्ही एकाच उपकुळातले, फक्त आपट्याच्या पानाला मधे खाच असते आणि रेडबडचं पान अख्खं, बदामाच्या आकाराचं. फुलं जुन्या लाकडावर येतात, अगदी जाड फांद्यांवर आणि कधीकधी थेट खोडातून सुद्धा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, छाटणीच्या वेळी लागेल.

लेबल न वाचता झाड घरी आणणं

नर्सरीत "रेडबड" म्हणून जे मिळतं ते सगळं इथलं नसतं. चायनीज रेडबड म्हणजे सर्सिस चायनेन्सिस पण त्याच रांगेत उभं असतं, दिसायला छान, झुडूपवजा, पण नेटिव्ह हवंय म्हणून घेत असाल तर लेबलवर कॅनाडेन्सिस आहे का ते बघून घ्या. आणि नेटिव्ह म्हटलं तरी कुठलं नेटिव्ह हेही बघावं लागतं. मिनेसोटा-विस्कॉन्सिनला राहणाऱ्यांनी दक्षिणेच्या बियांपासून वाढवलेलं रोप लावलं तर तिथल्या थंडीत फांद्या मागे मरत येतात, त्यांच्यासाठी मिनेसोटा स्ट्रेन (थंडी सोसणारा वाण) म्हणून मिळतं ते शोधा. डॅलस-ऑस्टिनवाल्यांनी टेक्सास रेडबड घ्यावं, त्याची पानं जाड आणि चकचकीत असतात, तिथला उन्हाळा आणि चुनखडीची जमीन त्याला झेपते. बे एरियावाल्यांसाठी वेस्टर्न रेडबड आहे, कॅलिफोर्नियाचं स्वतःचं, कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेलं.

जांभळ्या पानांचं फॉरेस्ट पॅन्सी खूप लोक घेतात आणि जुलैत पानं हिरवट पडली की घाबरतात. काही झालेलं नसतं, कडक उन्हाळ्यात त्याचा रंग उतरतोच. मात्र असली खास झाडं कलमी असतात, त्यामुळे कलमाच्या जोडाखालून साधी हिरवी पानं असलेले कोंब फुटले तर लगेच काढून टाका, नाहीतर तेच जोर धरतात. लॅव्हेंडर ट्विस्टसारख्या खाली झुकणाऱ्या जातीला मधूनच एक सरळसोट फांदी वर निघालेली दिसते ना, ती बहुतेक याच प्रकारातली.

मोठं झाड आणलं की लवकर शोभा येईल असं वाटतं आणि तिथे पैसे जातात. रेडबडची मुळं खोल जाणारी असतात, मोठं झाल्यावर हलवलेलं त्याला मानवत नाही. पाच-सहा फुटांचं तरुण रोप पटकन रुळतं.

खड्डा: इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात

आमच्या भागातली लाल क्ले माती सगळ्यांना माहीत आहे, पावसात चिकट आणि उन्हात विटेसारखी. लोक काय करतात, त्यात खोल खड्डा खणतात, तळाला बॅगेतली मऊ माती, कंपोस्ट, शेणखत भरतात आणि वर झाड ठेवतात. आपल्याकडे आंबा-चिकू लावताना खड्डा असाच भरतात त्यामुळे हात आपोआप तसे चालतात. पण क्लेमध्ये त्या खड्ड्याची बादली होते, चारी बाजूंनी पाणी आत येतं आणि बाहेर जायला वाट नाही, मुळं त्यातच सडतात. शिवाय मऊ माती खाली बसत जाते आणि झाड अजून खोल जातं.

योग्य पद्धत उलटी आहे. खड्डा रुंद घ्या, मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट, पण खोली गोळ्याइतकीच, क्लेमध्ये तर एक-दोन इंच कमीच. जी माती काढली तीच परत भरा. खोड जिथे खाली पसरट होऊन मुळांना मिळतं तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे, आणि गंमत अशी की नर्सरीच्या कुंडीतच तो बरेचदा मातीखाली गाडलेला असतो, म्हणून आधी वरची माती बोटांनी उकरून तो शोधून काढा. कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली मुळं असतील तर बाहेरचा थर करवतीने किंवा धारदार चाकूने उभा कापून टाका. जीव धजत नाही, पण नाही कापली तर काही वर्षांनी तीच मुळं खोडाला आवळतात.

लावायच्या आधी त्या जागी फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर जागा बदला, रेडबडला पाय ओले अजिबात चालत नाहीत. आणि खणण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करून गॅस-वीज-केबलच्या लाईन मार्क करून घ्या, हे फुकट असतं. एचओए (वसाहतीतली घरमालकांची संघटना) असेल तर त्यांची परवानगी पण आधीच.

जागेबद्दल अजून एक, आणि हे आपल्या लोकांना खास लागू आहे. जिथे मागच्या वर्षी वांगी किंवा टोमॅटो अचानक माना टाकून गेले होते त्या वाफ्याच्या जागी रेडबड लावू नका. व्हर्टिसिलियम नावाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, ती वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची यांना धरते आणि रेडबडलाही. बाकी ऊन म्हणाल तर सकाळचं ऊन आणि दुपारी जरा सावली हे दक्षिणेत बेस्ट. एकदम दाट सावलीत झाड जगतं पण फुलं तुरळक येतात. पश्चिमेकडच्या विटांच्या भिंतीला चिकटून लावू नका, पसाऱ्याचा विचार करून घरापासून निदान १२-१५ फूट लांब ठेवा.

लावायची वेळ आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मग फुलं यायच्या आधी स्प्रिंगला. जूनमध्ये सेल लागतो म्हणून आणू नका.

मल्च आणि पाणी

अमेरिकेतल्या कुठल्याही सबडिव्हिजनमध्ये फिरा, झाडाच्या बुंध्याला मल्चचा डोंगर दिसेल. लोकांना तीच पद्धत वाटते. एकदा असा ढीग हाताने बाजूला करून बघा: आतली साल काळपट, ओलसर, नखाने दाबली तर मऊ लागते, आणि कधीकधी खोडातून बारीक मुळं त्या मल्चमध्येच सुटलेली असतात. रेडबडची साल पातळ, तिथूनच बुरशी आत शिरते. मल्च दोन ते तीन इंच जाड, रुंद पसरलेला, आणि खोडाभोवती चार-पाच बोटं जागा मोकळी, एवढंच.

पाणी पहिले दोन उन्हाळे द्यायचं, पण रोज नाही. लॉनचा स्प्रिंकलर रोज दहा मिनिटं चालतो त्याने वरचा इंचभर ओला होतो आणि पानं-खोड भिजून बुरशीला आमंत्रण. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाइप मंद सोडून खोलवर मुरू द्या. द्यायच्या आधी मातीत बोट घालून बघा, ओलं लागलं तर थांबा. तिसऱ्या वर्षापासून फक्त मोठा कोरडा ताण पडला तरच.

लॉनचा स्प्रे

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे कोणाच्या लक्षातच येत नाही. लॉनमधलं रुंद पानाचं तण मारायला जी औषधं मारतात, २,४-डी किंवा डायकांबा असलेली, त्यांना रेडबड फार नाजूक आहे. शेजाऱ्याच्या लॉनवर मारलं आणि वारा आपल्याकडे असला तरी पुरतं. ओळखायचं कसं, तर नवीन पानं कपासारखी वळतात, कडा आत किंवा खाली, देठ पिळवटलेले, शिरा एकमेकींजवळ आलेल्या. लोक त्याला व्हायरस समजतात, फंगिसाइड (बुरशीनाशक) मारतात, खत घालतात. काही उपयोग नाही. हलका फटका असेल तर झाड पुढची पानं नीट काढतं, पाणी सांभाळा आणि वाट बघा. दरवर्षी तेच होत राहिलं तर मात्र झाड खंगत जातं. खत-कम-तणनाशक असं दोन्ही एकत्र असलेलं दाणेदार प्रॉडक्ट झाडाच्या पसाऱ्याखाली टाकूच नका, लॉन सर्व्हिस लावली असेल तर त्यांना स्पष्ट सांगा. सगळ्यात चांगलं म्हणजे झाडाखाली गवत ठेवूच नये, मल्चचं आळं मोठं करावं, मग मशीनने बुंधा सोलला जायची भीतीही संपते.

खताचंही तसंच. शेंगवर्गातलं झाड म्हणून ते जमिनीत नायट्रोजन बनवतं असं बरेच जण सांगतात. रेडबडच्या मुळांवर त्या गाठी नसतात, ते नायट्रोजन बनवत नाही. पण म्हणून युरिया ओतायचा नाही, जास्त नायट्रोजनने पानोरा माजतो आणि फुलं कमी होतात. माती तपासल्याशिवाय काही घालायची गरज नाही.

चुकीच्या वेळी छाटणी

हिवाळ्यात झाड उघडं असतं, हात शिवशिवतात आणि छाटणी होते. तोपर्यंत पुढच्या वसंताच्या कळ्या फांदीवर तयार असतात, नीट बघितलं तर गडद लालसर बारीक दाण्यांचे झुपके दिसतात, ते सगळे कचऱ्यात जातात. छाटणी फुलं संपल्या संपल्या करा. पहिल्या काही वर्षांतच इंग्रजी व्ही आकाराची अरुंद बेचकी शोधून त्यातली एक फांदी काढा, कारण आइस स्टॉर्ममध्ये (फांद्यांवर बर्फ गोठवणाऱ्या वादळात) झाड उभं चिरतं ते तिथूनच. कापलेल्या जागेला रंग किंवा डांबर लावू नका, झाड आपली जखम आपण भरतं. वरून सपाट कापून छत्री करणं तर नकोच.

फूल येत नाही या तक्रारीची कारणं बहुतेक हीच: हिवाळ्यातली छाटणी, दाट सावली, जास्त खत, किंवा झाड अजून लहान आहे. बियांपासून केलेल्याला चार-पाच वर्षं तरी लागतात.

उगाच औषध मारू नका

पानांच्या कडेला पंचिंग मशीनने काढावेत तसे गोल तुकडे गेलेले दिसले तर ते लीफकटर मधमाशीचं काम. ती तुकडे नेऊन घरटं करते, परागीभवन करते, झाडाला काहीही त्रास नाही. फांदीवर पांढरे मेणचट ठिपके दिसले तर बरेचदा ती ट्रीहॉपर नावाच्या छोट्या कीटकाची अंडी असतात, सोडून द्या. पान दुमडून रेशमी धाग्याने चिकटवलेलं असेल तर आत पट्ट्यापट्ट्यांची अळी असते, बोटाने चिरडायची आणि शरदात पडलेली पानं गोळा करायची, झालं. हेन्रीज एल्फिन नावाच्या छोट्या तपकिरी फुलपाखराच्या अळ्या रेडबडवर वाढतात, वसंताच्या सुरुवातीला भुंगे आणि माश्या या फुलांवर तुटून पडतात, अशा झाडावर कीटकनाशक मारायला मन होऊ नये. आणि फुलं खाता येतात, चवीला आंबटसर, काकडीच्या कोशिंबिरीत वरून घातली की सुंदर दिसतात, पण अर्थात झाडावर काही मारलेलं नसेल तरच. हरणं असतील तर शरदात खोडाला जाळी लावा, नर शिंगं घासून साल काढतात.

खरंच आजारी असेल तर

मे महिन्यात एकच फांदी अचानक सुकली, बाकी झाड ठीक, असं झालं तर त्या फांदीवर खाली खाली बघत जा. साल दबलेली, काळी, चिरलेली दिसली तर कँकर (सालीचा बुरशीजन्य रोग) आहे. त्यावर औषध नाही. कोरड्या दिवशी खराब भागाच्या तीन-चार इंच खाली, निरोगी लाकडात कापा, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा आणि फांदी कंपोस्टमध्ये टाकू नका. दबलेली साल नाही, पण एकामागून एक फांद्या सुकतायत, तर व्हर्टिसिलियमचा संशय घ्या. झाड गेलं तर त्या जागी परत रेडबड किंवा मेपल नको, पाइनसारखं सूचिपर्णी लावा. नक्की काय आहे ते कळायला काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसला (शेती-बागकामाचा सल्ला देणारं स्थानिक सरकारी कार्यालय) फोटो पाठवा. आमच्याकडे एनसी स्टेट युनिव्हर्सिटीचं प्लँट डिसीज अँड इन्सेक्ट क्लिनिक नमुने तपासून देतं. नमुना पाठवताना पूर्ण वाळलेली काडी पाठवू नका, जिवंत आणि मेलेला भाग जिथे मिळतो तो तुकडा पाठवा, निदान तिथेच होतं.

पंचवीस-तीस वर्षांचं झाड आतून पोकळ व्हायला लागलं तर मात्र स्वतःला दोष देऊ नका, रेडबडचं आयुष्य बहुतेक तेवढंच असतं. शेंगा पडून खाली रोपं उगवतातच, त्यातलं एखादं लहान असतानाच उचलून दुसऱ्या जागी लावा. बियांपासून करायचं तर बी कठीण असतं, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, मग ओल्या वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये, आणि स्प्रिंगला पेरा. पुण्याला आई-बाबांकडे न्यायचा विचार मात्र सोडा. परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय (कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) बी-रोप भारतात नेता येत नाही, आणि नेलं तरी याला हवी तशी कडक थंडी तिथे पडत नाही. पुण्यात त्यांना कांचन लावायला सांगा.