वयात येणाऱ्या मुलांचं वजन वाढतंय? घरात होणाऱ्या या चुका टाळा

दहावीतल्या मुलाचा दिवस एकदा घड्याळ लावून बघा. सकाळी चहा-बिस्किटांवर घर सोडलं, साडेदहाला डबा, दुपारी घाईघाईत दोन घास आणि क्लास सुटतो साडेसातला. मधे साडेपाचला जी कडकडून भूक लागते, ती क्लासखालच्या गाडीवर भागते. वडापाव, शेजवान फ्राइड राइस, वर कोल्ड्रिंक. रात्री नऊला पोर ताटावरून उठतं आणि आपण ओरडतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बाहेरचं बंद करतो, पण त्या भुकेची सोय करत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पण तो शाळांसाठी. क्लासचं आपल्यालाच बघावं लागतं. माझ्या मुलाचा डबा रोज अर्धा परत यायचा. पोळ्या कडक, भाजीचं तेल झाकणाला लागलेलं. मी चिडायचे. एकदा नीट विचारलं तेव्हा कळलं, सुट्टी पंधरा मिनिटांची, त्यात हात धुवायला रांग. मग पोळीतच भाजी गुंडाळून द्यायला लागले आणि क्लाससाठी दुसरा छोटा डबा सुरू केला: थालीपीठ, उकडलेलं अंडं, कधी भाजलेले चणे-शेंगदाणे. गाडीवर जाणं थांबलं नाही, पण रोजचं आठवड्यातून एकदावर आलं. तेवढं चालतं. पूर्ण बंदी घातली की मुलं लपवून खातात.

बाहेरचं नको म्हणून घरात खारी, टोस्ट, फरसाण, इन्स्टंट नूडल्स भरून ठेवणं हीसुद्धा चूकच. कोल्ड्रिंकचं तर गणितच करून बघा. १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या पुढे. वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या (कॅलरींच्या) ५ टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर ते होतात २५ ग्रॅम. म्हणजे दिवसभराची साखर एका बाटलीत संपली. पाकिटातल्या ज्यूसची लेबलंही वाचा.

दहावी आली म्हणून खेळ बंद करू नका. या वयात रोज सरासरी तासभर तरी अंग हलायला हवं. क्लासला सायकलने जाऊ द्या.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, मोठ्यांच्या तक्त्यावर बघू नका. ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वेगळे तक्ते आहेत, डॉक्टरांकडून त्यावर बघून घ्या. उंची वाढत असताना बऱ्याचदा वजन आहे तिथे थोपवलं तरी पुरतं. मुलीला रात्री उपाशी झोपवून वजन उतरवायला जाऊ नका. आणि लग्नाकार्यात कुणी 'जाडी झालीस गं' म्हणालं, तर तिच्यादेखत तिची बाजू घ्या. असे टोमणे ऐकून जेवण टाकणाऱ्या आणि मध्यरात्री बिस्किटांचा पुडा संपवणाऱ्या मुली मी जवळून पाहिल्यात.

शेवटची चूक मानेची. मानेवर, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी दिसायला लागली की आपण मळ समजून डाळीच्या पिठाने घासत बसतो. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये ही शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असू शकते. घासून ती जात नाही, कातडी मात्र सोलवटते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, रक्तातली साखर तपासायची का ते विचारा, मुलीची पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. परीक्षेनंतर बघू म्हणून थांबू नका.