पावसाळ्यात बुटक्या शेळ्यांना टेप लावा, पापणी उलटून बघा

ज्यांनी ब्लॅक बेंगॉलसारख्या बुटक्या शेळ्या आणल्यात त्यांच्यासाठी हे, मिरगाचा पाऊस धरला की चतुर्थीपर्यंतचे दिवस सांभाळायचे असतात. ह्या शेळ्या खांद्यापाशी जेमतेम दीड-पावणेदोन फूट, आखूड पाय, लहान कान, शिंगं आणि दाढी मादीलासुद्धा, आणि मोठी झालेली मादी साधारण 18-20 किलो. शेजारच्या सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ हिच्यापुढे बरीच मोठी दिसते, म्हणून तिचा जंताच्या औषधाचा डोस हिला अंदाजाने देऊ नका. आणि लहान दिसते म्हणून कोवळं पिल्लू समजू नका, दात बघा, पुढचे दोन पक्के दात आले म्हणजे वर्ष उलटलं.

वजनकाटा नसेल तर शिंप्याचा टेप पुरतो. सकाळी चरायला सोडायच्या आधी शेळी सपाट जागी सरळ उभी करा, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, झाले किलो. घेर 24 आणि लांबी 22 आली तर साधारण 19 किलो. थोडं मागेपुढे होतं, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं.

आता रक्त, खरी भीती इथेच. शेळीच्या अंगात वजनाच्या साधारण 7 टक्के रक्त असतं, म्हणजे 18 किलोच्या शेळीत सव्वा लिटर. पोटातला हिमॉन्कस नावाचा जंत एकेक दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त पितो, 500 जंत झाले की रोज 25 मिली गेलं, मोठ्या शेळीला हे थोडे दिवस झेपतं, हिला नाही. बरं, ह्या जंताने बहुतेक वेळा जुलाब होत नाहीत म्हणून मालक गाफील राहतो, आणि जबड्याखाली पाण्याची थैली दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

म्हणून दर पंधरवड्याला उजेडात खालची पापणी उलटून बघा. लालभडक असेल तर ठीक, फिकट गुलाबी किंवा पांढरी झाली तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजत बसू नका, त्याने जंतच औषधाला सरावतात. गाभण शेळीला तर विचारल्याशिवाय काहीच नको, काही जंतनाशकं सुरुवातीच्या महिन्यात गर्भाला बाधतात. पापणी फिकी दिसली की गोचीडपण बघा, दरवेळी जंतच असतात असं नाही.

रक्त तपासायला द्यायचं तर जनावरांच्या लॅबमध्येच द्या. शेळीच्या तांबड्या पेशी इतक्या बारीक की माणसांच्या लॅबचं मशीन त्या प्लेटलेट म्हणून मोजू शकतं! रिपोर्टात हिमोग्लोबिन 8 ते 12 ग्रॅम आणि पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा) 22 ते 38 टक्के हे साधारण ठीक. पण जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं असेल तर पीसीव्ही खोटा चढलेला येतो, तेव्हा आकड्यावर विसंबू नका.

चारताना, जंताची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, तेव्हा सकाळी लवकर सोडू नका, आणि बुटक्या शेळीचं तोंड तसंही जमिनीजवळच. फणसाचा, गिरिपुष्पाचा पाला दोरीने वर टांगून द्या. गोठ्यात फळ्यांचा माच घाला, लेंड्या खाली पडतील. आणि सिरोहीसारखा मोठा बोकड ह्या माद्यांवर सोडू नका, पिल्लू मोठं होऊन अडतं.