पटिंग सुधारायचे तर आधी अंतर, मग दिशा

गोल्फमध्ये पटिंगचा, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडू घरंगळवत होलमध्ये घालण्याचा, सराव करणारे बहुतेक नवखे खेळाडू चेंडू होलच्या डावीकडून गेला की उजवीकडून, एवढेच पाहतात. परंतु लांबून खेळताना तीन-तीन फटके लागतात ते बहुधा पहिला चेंडू होलच्या फार अलीकडे थांबल्यामुळे किंवा फार पुढे निघून गेल्यामुळे. म्हणून सरावाची सुरुवात अंतरापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

ग्रीनच्या सपाट भागावर तीन, सहा आणि नऊ मीटरवर एकेक टी (चेंडू ठेवण्याची छोटी खुंटी) खोचावी आणि प्रत्येक चेंडू टीच्या किंचित पुढे, पण हातभर अंतराच्या आत थांबेल अशा बेताने मारावा. जोर वाढवण्यासाठी मनगट झटकू नये. खांद्यांचा झोका लांबवावा आणि लय मात्र तीच ठेवावी. चेंडू मारल्यावर लगेच मान वर न करता तो कुठे थांबला असेल ते आधी स्वतःशी सांगावे आणि मगच पाहावे, कारण हातांना अंतराची जाण येते ती या अंदाजाच्या सवयीतून.

दिशेचे गणित कडक आहे. होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो, त्यामुळे तीन मीटरवरून पटरचा (पटिंगच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, एका अंशाने जरी वळला, तरी चेंडू पाच सेंटिमीटरच्या आसपास सरकून थेट काठावर जातो. चेंडूच्या पुढे अर्ध्या मीटरवर दोन टी, मध्ये चेंडू जेमतेम जाईल एवढी फट ठेवून खोचाव्यात; चेंडू कोणत्या टीला लागतो, यावरून फेस उघडा (उजव्या हाताच्या खेळाडूसाठी उजवीकडे वळलेला) राहतो की मिटतो (डावीकडे वळतो), हे लगेच कळते.

उतार पाहताना होलजवळच्या शेवटच्या मीटरभराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वेग मंदावलेला चेंडू तिथेच सर्वाधिक वळतो. बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर पात्यांचा कलही पाहावा लागतो: चेंडूमागून गवत चकचकीत दिसले, तर ते होलकडे झुकलेले असते आणि चेंडू जलद धावतो, काळपट दिसले, तर थोडा जोर वाढवावा. सकाळच्या दवातही तसेच करावे.

मार्गावर बुटांच्या खिळ्यांच्या खुणा असतील, तर 2019 च्या नियमांपासून त्याही दुरुस्त करता येतात. तेवढे करूनच पटर हाती घ्यावा.