मोटर, खत आणि मातीचा अहवाल: इंग्रजी शब्द वाचताना या चुका टाळा

मोटरच्या पाटीवर इंग्रजी, खताच्या पोत्यावर इंग्रजी, आणि वाचणारा बहुतेक वेळा अंदाजानं वाचतो. ज्या शब्दांचा अंदाज चुकला की थेट नुकसान होतं, तेवढेच इथे घेतो.

सगळ्यात महागात पडते ती 'सिंगल फेज' आणि 'सिंगल फेजिंग' ही जोडी. सिंगल फेज हा पुरवठ्याचा प्रकार, घरातली 230 व्होल्टची लाईन. सिंगल फेजिंग हा बिघाड आहे. डीपीवरचा फ्यूज उडाला किंवा तार तुटली आणि थ्री फेजमधला एक फेज गेला, की त्याला सिंगल फेजिंग म्हणतात. चालू मोटर लगेच थांबत नाही. ती घुमते, पाणी कमी फेकते, उरलेल्या दोन फेजमधून जादा करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. स्टार्टरच्या पेटीवर 'सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर' असं दिसलं की काही जणांना वाटतं, हा एका फेजवरही मोटर चालवेल. काम नेमकं उलटं आहे: फेज गेला की तो मोटर बंद करतो. पऱ्हाटीला पाण्याची कितीही घाई असली तरी त्याला बायपास करून ओलित करू नका. रिवाइंडिंगचा खर्च त्या एका पाळीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

पाटीवरचा 'अँपिअर'चा आकडाही असाच दुर्लक्षित राहतो. 5 एचपी म्हणजे 3.7 किलोवॅटची थ्री फेज मोटर 415 व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते. ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) पाटीवरच्या आकड्याप्रमाणेच लावायचा असतो. मोटर वारंवार ट्रिप होते म्हणून रिलेचा काटा वर सरकवणं हा इलाज नाही. आधी व्होल्टेज आणि बेअरिंग तपासा.

'शॉक' आणि 'शॉर्ट' एकच समजू नका. शॉर्ट सर्किट झालं की एमसीबी (करंट फार वाढला की लाईन तोडणारा स्विच) पडते. माणसाला शॉक लागला तर ती पडेलच असं नाही, कारण अंगातून जाणारा करंट तिच्या मानानं फार थोडा असतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) वेगळी लावावी लागते. पंख्याचा 'कंडेन्सर' म्हणजे कपॅसिटरच. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्यावरचाच घ्या.

आता मूलद्रव्यं. शाळेतली पोरं आणि त्यांचे वडील एकाच जागी चुकतात: 'पी म्हणजे पोटॅश' असं धरून चालतात. खरं तर पी म्हणजे फॉस्फरस, म्हणजे स्फुरद. पोटॅशिअमची संज्ञा के आहे, कारण ती कॅलिअम या लॅटिन नावावरून आली. तसंच सोडिअमचं एनए नॅट्रिअमवरून आणि लोखंडाचं एफई फेरमवरून. पोत्यावर आकड्यांचा क्रम नेहमी नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे पोटॅश) असाच असतो. 20:20:0:13 हे खत टाकून 'पोटॅश दिला' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात तिसरा आकडा शून्य आहे, म्हणजे पोटॅश अजिबात नाही, आणि 13 हे गंधक आहे. डीएपीचं 18:46:0 तसंच. 50 किलोच्या पोत्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद मिळतं, पालाश काहीच नाही. हे स्फुरदही ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं असतं. शुद्ध फॉस्फरस त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते एमएन आणि एमजीकडे. एमएन म्हणजे मँगनीज, एमजी म्हणजे मॅग्नेशिअम. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे मातीच्या तपासणीच्या अहवालात, 12 बाबी असतात. त्यात मँगनीज आहे, मॅग्नेशिअम नाही. कपाशीवर लाल्या (पानं लाल पडणं) दिसला की मॅग्नेशिअम सल्फेट फवारायला सांगतात. तेव्हा पत्रिकेतलं एमएन 'पुरेसं' आहे म्हणून फवारणी टाळणं चूक आहे. दुकानातही संज्ञेवर न जाता पूर्ण नाव सांगून मागा. घरी आणल्यावर रंग पाहा: मॅग्नेशिअम सल्फेट पांढरं असतं, मँगनीज सल्फेटला फिक्कट गुलाबी झाक असते.