उत्तरेकडच्या सरोवरांवरचा बर्फ उपग्रहातून मोजताय? या चुका टाळा

रडारच्या चित्रात सरोवर काळं दिसलं की पाणी आणि उजळ दिसलं की बर्फ, एवढ्याच शिदोरीवर मंडळी कॅनडाच्या ग्रेट स्लेव्ह सरोवराचा अनेक वर्षांचा आलेख काढायला बसतात. कुठूनतरी तयार स्क्रिप्ट घ्यायची, थ्रेशोल्ड (पाणी आणि बर्फ वेगळे करणारा सीमेचा आकडा) तोच ठेवायचा, सरोवराची हद्द तेवढी बदलायची आणि संध्याकाळपर्यंत निष्कर्ष तयार. रिमोट सेन्सिंगमध्ये नव्याने आलेल्यांचं काम तपासताना त्याच त्या चुका मला इतक्यांदा दिसल्या आहेत, की त्या एकदा लिहून काढलेल्या बऱ्या. सरोवरावरच्या बर्फाच्या तारखा हवामानबदलाच्या नोंदींत जातात. ग्रेट स्लेव्हच्या काठावरच्या यलोनाइफ शहरातून डेट्टा या वस्तीला जाणारा हिवाळी रस्ता तर थेट या बर्फावरूनच जातो. तारीख चुकली तर चुकू दे, असं म्हणण्याजोगं हे काम नाही.

ओल्या बर्फाला पाणी समजणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच.

सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहमालिकेच्या रडारची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची. कोरडा बर्फ तिला फारसा अडवत नाही. ती हिमाच्या थरातून आणि बर्फातून आरपार जाते आणि बर्फाच्या खालच्या, पाण्याला टेकलेल्या पृष्ठभागावरून परतते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सरोवर उजळ दिसतं. एप्रिल-मेमध्ये वरचं हिम ओलं झालं की त्यातलं पाणी लहर शोषून घेतं. परत येणारा संकेत एकदम पडतो आणि सरोवर काळंठिक्कर दिसतं. खाली मीटरभर जाडीचा बर्फ अजून शाबूत असतो.

एका प्रकल्पात असंच झालं. एका मुलाने मेच्या पहिल्या पंधरवड्यातलं चित्र घेतलं, थ्रेशोल्ड लावला आणि ग्रेट स्लेव्हचा बहुतेक मधला भाग बर्फमुक्त असल्याचा नकाशा काढला. हे सरोवर सुमारे २८ हजार चौरस किलोमीटरचं आणि ६१४ मीटर खोल, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल. त्याचा मुख्य भाग सहसा जूनमध्ये मोकळा होतो. बर्फ महिनाभर आधी गेला असता तर ती बातमी झाली असती, आणि त्याला तसंच वाटत होतं. अहवालाचा मसुदाही तयार होता. मी फक्त विचारलं, पास कुठला, म्हणजे उपग्रह वरून गेला ती वेळ कुठली? संध्याकाळचा होता. त्याच आठवड्यातला सकाळचा पास उघडला तर सरोवर पुन्हा उजळ. रात्रीच्या थंडीने वरचं हिम गोठलं होतं. यलोनाइफ विमानतळाच्या तापमानाच्या नोंदीत दुपारी शून्याच्या वर आणि पहाटे शून्याच्या खाली, हे स्पष्ट दिसत होतं. पुढच्या निरभ्र दिवसाच्या मोडिस (नासाच्या उपग्रहांवरचं, सूर्यप्रकाशात चित्र टिपणारं उपकरण) चित्रात सरोवर काठापासून काठापर्यंत पांढरं होतं.

हे तपासायला जेमतेम अर्धा तास लागला. तो आधीच द्यायला हवा होता, कारण हा नकाशा तसाच पुढे गेला असता तर त्यावर कोणीतरी दुसरा आलेख रचला असता.

माझी सवय सांगते. सरोवरात काही ठरावीक ठिकाणं निवडायची: खोल मधला भाग, स्लेव्ह नदीचं मुख, उत्तरेकडचा उथळ फाटा. त्या ठिकाणांची वर्षभराची बॅकस्कॅटरची (परत येणाऱ्या रडार-संकेताची) रेघ काढायची, पण एकाच कक्षेतल्या पासची. सकाळचे आणि संध्याकाळचे पास कधीही मिसळायचे नाहीत. खाली त्याच दिवसांचं तापमान ठेवायचं. तापमान शून्य ओलांडतं त्याच सुमारास रेघ कोसळली, तर आधी ओल्या हिमाचा संशय घ्यायचा. थ्रेशोल्डचा विचार त्यानंतर.

शरद ऋतूत हाच गोंधळ उलटा होतो. वारा सुटला की उघडं पाणी खडबडीत होऊन उजळ दिसतं. नुकताच धरलेला गुळगुळीत पातळ बर्फ मात्र काळा दिसतो. एका चित्रावरून गोठण्याची तारीख सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

काळा दिसणारा, तळाला टेकलेला बर्फ

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर, उत्कियाग्विकच्या परिसरात हजारो उथळ तळी आहेत. हिवाळा संपता संपता तिथला बर्फ दोन मीटरच्या आसपास जाड होतो. ज्या तळ्याची खोली त्याहून कमी, ते तळापर्यंत गोठतं. बर्फ आणि पाणी यांच्या विद्युत गुणधर्मात मोठा फरक आहे. बर्फाचा डायलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ३.२, तर पाण्याचा या लहरीला ६० च्या वर. म्हणून तरंगत्या बर्फाच्या तळाकडून जोरदार परावर्तन होतं. गोठलेल्या मातीचे हे गुणधर्म बर्फाच्या जवळपासचे, त्यामुळे लहर तिथे सरळ जमिनीत शिरते आणि तळं काळं दिसतं. हे १९७० च्या दशकापासून विमानातल्या रडारमुळे माहीत आहे. आधी तरंगत्या बर्फाच्या उजळपणाचं श्रेय बर्फातल्या बुडबुड्यांच्या उभ्या नळ्यांना दिलं जायचं. अलीकडचे अभ्यास बर्फाच्या खालच्या पृष्ठभागाच्या खडबडीतपणाकडे बोट दाखवतात. मार्चमध्ये, उणे पंचवीस अंशांत, तुमचा नकाशा उथळ तळ्यांत उघडं पाणी दाखवत असेल तर कारण हे आहे.

एनडीएसआय ०.४ च्या वर म्हणजे बर्फ

एनडीएसआय या हिमाच्या निर्देशांकाचा हा आकडा जमिनीवरच्या हिमासाठी रुळलेला आहे. तो तसाच सरोवरावर लावणारे रोज भेटतात. गणित करून बघा. समजा, स्वच्छ पाण्याचं परावर्तन हिरव्या बँडमध्ये (प्रकाशाच्या पट्ट्यात) ०.०५ आहे आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये ०.०१. फरक भागिले बेरीज केली की ०.६७ येतात. म्हणजे ऐन ऑगस्टमधलं सरोवरही हिमाच्छादित ठरलं! निर्देशांक दोन बँडमधलं प्रमाण सांगतो. पृष्ठभाग मुळात उजळ आहे का, हे त्यातून कळत नाही. म्हणून सोबत जवळच्या इन्फ्रारेड बँडचं परावर्तन पाहावंच लागतं. पाणी तिथे जवळजवळ काळं असतं आणि हिम झगझगीत.

तिथेही सावध राहा. स्लेव्ह नदी ग्रेट स्लेव्हमध्ये भरपूर गाळ आणते आणि गढूळ पाणी इन्फ्रारेडमध्येही थोडं उजळतं. हिम नसलेला पारदर्शक काळा बर्फ तर ऑप्टिकल चित्रात पाण्यासारखाच दिसतो. त्याला एकाच चित्रावर उपाय नाही. आधीचे आणि नंतरचे दिवस पाहा, रडारशी ताडून बघा. आणि अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिसच्या सहाव्या बँडचे बहुतेक डिटेक्टर निकामी आहेत. मोडिस असलेल्या टेरा या दुसऱ्या उपग्रहाची पद्धत डोळे मिटून अ‍ॅक्वाला लावू नका.

ढगांच्या पलीकडची तारीख

गोठण्याच्या दिवसांत सरोवर उबदार आणि हवा थंड असते. पाण्याची वाफ वर जाऊन सखल ढग धरतात. त्यात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य क्षितिजाला टेकलेला. आणखी उत्तरेचं ग्रेट बेअर सरोवर तर आर्क्टिक वृत्तापर्यंत पोचतं. अशा वेळी दहा दिवस काही दिसलं नाही आणि अकराव्या दिवशी बर्फ दिसला, तर बर्फ अकराव्या दिवशी धरला असं लिहायचं नसतं. शेवटचं स्वच्छ पाणी कधी दिसलं आणि पहिला निश्चित बर्फ कधी दिसला, या दोन्ही तारखा द्या. एकच तारीख दिसायला छान दिसते, पण ती आपल्याकडे नसते. आणि तयार ढग-मास्क (ढगांचे पिक्सेल आपोआप वगळणारा थर) बर्फाच्या कडांना सर्रास ढग ठरवतो, तेव्हा तो लावून झाल्यावर चित्र डोळ्यांनी पाहा.

गोठणं कशाला म्हणायचं, हेही आधी ठरवा. पहिला बर्फ, की पूर्ण आच्छादन? वसंतात नदीच्या मुखाशी पाणी मोकळं होतं तेव्हा मुख्य भाग अजून गच्च असतो.

थोडक्यात सांगण्याजोग्या

क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्ये (ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात) मोजू नका. ६५ अंश अक्षांशावर ते साडेपाचपटीहून जास्त येतं. समक्षेत्र प्रक्षेपण वापरा.

डेसिबलची (रडार-संकेताच्या लॉगरिदमिक आकड्यांची) सरासरी काढू नका. आधी रेषीय आकड्यांत आणा, सरासरी काढा, मग परत डेसिबल.

यलोनाइफवरच्या संध्याकाळच्या पासवर यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) पुढच्या दिवसाची तारीख पडते.

किनाऱ्याचे पिक्सेल सोडून द्या. मोडिसच्या ५०० मीटरच्या पिक्सेलमध्ये अर्धं जंगल असतं.

सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि बऱ्याच ठिकाणी चित्रं विरळ झाली. आयएमएसचे (अमेरिकेचे हिम-बर्फाचे रोजचे) नकाशे २००४ मध्ये २४ वरून ४ किलोमीटरवर आले आणि २०१४ पासून १ किलोमीटरचेही मिळू लागले. तुमच्या आलेखातली उडी याच वर्षांत असेल, तर तिला हवामानाचं नाव देण्याआधी थांबा.

आणि हल्ली वारंवार येणारा प्रश्न: श्रीहरिकोट्याहून जुलै २०२५ मध्ये गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाचा डेटा घेऊन सेंटिनेलचे थ्रेशोल्ड लावले तर चालतील का? नाही. त्याचे एल आणि एस बँड सुमारे २४ आणि ९ सेंटिमीटरचे. बुडबुडे, भेगा, खालचा खडबडीतपणा हे सगळं त्या लहरींना वेगळं दिसतं. आधी ज्या सरोवराचा सी-बँडमधला (सेंटिनेलच्या लहरीतला) पूर्ण हिवाळा तुम्ही पाहिला आहे, तेच सरोवर, त्याच ठिकाणांवर, शक्य तितक्या जवळच्या तारखांना निसारमध्ये उघडा आणि दोन्ही रेघा एकाखाली एक ठेवा. थ्रेशोल्डचा आकडा त्यातून काढा.