मेल ब्लॉकलिस्टमध्ये अडकला तर आधी काय बघायचं (आणि मुळात अडकायचंच नसेल तर)

मे महिना होता, केळीची कापणी जोरात, आणि जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या ज्या एक्सपोर्टरचं मेलचं काम मी बघतो त्यांचा सकाळी सातला फोन, "भाऊ, दुबईच्या पार्टीला कोटेशन गेलंच नाही, दुसऱ्यांनाबी तेच होऊन राहिलंय." परत आलेला मेल उघडला तर ५५० ५.७.१ हा कोड आणि खाली स्पॅमहाउसचं नाव. ही संस्था स्पॅम, म्हणजे न मागितलेले मेल, जिथून येतात त्यांच्या याद्या ठेवते. हीच ब्लॉकलिस्ट, आणि ती बघून समोरचा सर्व्हर मेल नाकारतो. बाऊन्स आला की लोक तो डिलीट करून परत पाठवतात, पण बाबांनो तो वाचा, सगळं उत्तर त्यातच असतं. कोड ४ ने सुरू होत असेल तर सर्व्हर म्हणतोय थोड्या वेळाने या, ५ ने होत असेल तर घेणार नाही म्हणजे नाही.

हे चालतं कसं ते समजून घ्या म्हणजे भीती जाते. समजा तुमचा आयपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या मशीनचा इंटरनेटवरचा नंबर, २०३.०.११३.२५ आहे. समोरचा सर्व्हर तो उलटा करतो, २५.११३.०.२०३, त्याच्यापुढे लिस्टचं नाव जोडतो आणि डीएनएसला (इंटरनेटवरची नाव-नंबरांची डिरेक्टरी) विचारतो. काहीच सापडलं नाही तर तुम्ही क्लीन, १२७.०.० वालं उत्तर आलं तर लिस्टमध्ये, आणि शेवटचा आकडा कारण सांगतो. स्पॅमहाउसच्या झेन लिस्टमध्ये (त्यांच्या आयपीच्या याद्या एकत्र) २ किंवा ३ आला तर स्पॅम पाठवल्याचा ठपका, ४ आला तर मशीनमध्ये व्हायरस किंवा कोणीतरी घुसलंय, १० किंवा ११ आला तर तो पीबीएल, म्हणजे घरच्या-ऑफिसच्या ब्रॉडबँडचे आयपी जिथून डायरेक्ट मेल जायलाच नको. पीबीएल हा गुन्हा नाही, प्रोव्हायडरच्या एसएमटीपीमधून (मेल पाठवणारा सर्व्हर) लॉगिन करून ५८७ पोर्टने पाठवा, काम होतं. चेक मात्र स्पॅमहाउसच्या साइटवरच करा, कारण गुगलच्या ८.८.८.८ या सगळ्यांसाठी खुल्या डीएनएसवरून विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ असं एररचं उत्तर येतं आणि माणूस उगाच घाबरतो की आपण अडकलो. आणि डोमेनची, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे असतं त्या नावाची, लिस्ट वेगळी असते, डीबीएल. तिच्यात नाव असेल तर आयपी कितीही बदला, फरक पडत नाही.

आमचं कारण होतं यादी. कोणाकडून तरी आखाती देशांतल्या फळ-आयातदारांचे चार हजार पत्ते विकत घेतले होते आणि एका दुपारी सगळ्यांना रेट पाठवून दिले होते. अशा यादीत स्पॅमट्रॅप, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्याला पकडायचे सापळ्याचे पत्ते, असतात. काही पत्ते कोणाचेच नसतात, फक्त वेबसाइटवर लपवून ठेवलेले, म्हणजे तिथे मेल आला की पाठवणाऱ्याने पत्ता मागून घेतलेला नाही हे सिद्धच. काही जुने बंद पडलेले पत्ते परत चालू करून पहाऱ्याला बसवलेले. केळीवर हरण्या (विषाणूचा रोग) आला की आपण काय करतो, रोगट झाड उपटतो, नाहीतर मावा तो रोग एकावरून दुसऱ्यावर नेतो आणि अख्खा बाग जातो. यादीचंही तसंच, मी ते चारही हजार पत्ते काढून टाकले, "थोडे ठेवू ना" याला नाही म्हटलं आणि त्यावरून वादही झाला.

ब्लॉकलिस्टमधून नाव काढून घ्यायची रिक्वेस्ट टाकायच्या आधी पाठवणं थांबवा, कारण शोधा, ते दुरुस्त करा, मगच फॉर्म भरा आणि काय सुधारलं ते सरळ लिहा. कारण तसंच ठेवून नाव काढून घेतलं तर परत लागतं आणि दुसऱ्यांदा तुमचं कोणी लवकर ऐकत नाही. स्पॅमहाउस यासाठी पैसे घेत नाही, त्यांच्या नावाने कोणी मागत असेल तर देऊ नका. स्पॅमकॉप या दुसऱ्या ब्लॉकलिस्टवर तक्रारी थांबल्या की साधारण २४ तासांत नाव आपोआप निघतं. होस्टिंग शेअर्ड (एकच सर्व्हर अनेकांचा) असेल तर शेजाऱ्याच्या पापाने तुमचा आयपी अडकतो, तेव्हा प्रोव्हायडरला धरा.

आता पुढे अडकू नये म्हणून. पत्ता तोच घ्या ज्याने स्वतः दिलाय, आणि त्याला एक कन्फर्मेशन मेल पाठवून क्लिक करून घ्या. पत्ताच नाही म्हणून बाऊन्स झाला की त्याच दिवशी यादीतून बाहेर. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी) आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लावून घ्या, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना हे चारही सक्तीचे आहेत, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइबही लागतं, आणि अनसबस्क्राइब दोन दिवसांत अंमलात आलं पाहिजे. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, ०.३ ला तर पोहोचूच नका, हा आकडा गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसतो. वेबसाइटच्या कॉन्टॅक्ट फॉर्मला कॅप्चा (समोर माणूसच आहे ना याची छोटी परीक्षा) लावा, पासवर्ड बदला, कारण कित्येकदा मालकाला माहीतच नसतं की त्याच्या अकाउंटवरून रात्री दुसराच कोणी मेल सोडतोय.

एक गोष्ट मी आता सगळ्यांकडे करतो. रेटचे मेल वेगळ्या सबडोमेनवरून (मेन डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेलं नाव), कोटेशन आणि बिलं मेन डोमेनवरून. म्हणजे रेटच्या मेलला कुठे अडथळा आला तरी पार्टीचं कोटेशन जायची शक्यता जास्त राहते. सावद्याला आम्ही आधी फक्त उत्तर देणाऱ्या साठ जुन्या पार्ट्यांपासून सुरू केलं, आठवडाभर तेवढंच, मग हळूहळू वाढवलं, आणि दर सोमवारी बाऊन्स उघडून वाचतो.